शिफारस करा, पण उंबरठाही सांगा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वर्षअखेर आली की पुरवण्यांमधून ‘वाचायलाच हव्यात’ अशा विज्ञान आणि अद्भुत कादंबऱ्यांच्या याद्या येतात. नावे ठरलेली असतात: ‘ड्यून’, ‘फाउंडेशन’, ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’, ‘थ्री बॉडी प्रॉब्लेम’ आणि ज्यावरून मालिका निघाली ते ‘गेम ऑफ थ्रोन्स’. पुस्तके थोर आहेत, वाद नाही. पण यादी वाचून दुकानात गेलेला वाचक ऐंशीव्या पानावर थांबतो, पुस्तक कपाटात जाते आणि ‘आपल्याला हे सायफाय काही झेपत नाही’ असा शिक्का तो स्वतःवरच मारून घेतो. यात दोष वाचकाचा नसतो. शिफारस करणाऱ्याने पुस्तकाची कीर्ती सांगितली, उंबरठा सांगितला नाही. कुठे अडखळायला होते, किती पाने दम धरायचा, कोणता अनुवाद घ्यायचा, मालिका पूर्ण आहे का, हे सांगितल्याशिवाय या प्रकारातली शिफारस अर्धवट राहते. सामाजिक कादंबरीत वाडा, चाळ, कचेरी वाचकाला आधीपासून ठाऊक असते. इथे जगच नवे असते आणि त्याचा नकाशा वाचकाने वाचता वाचता मनात काढायचा असतो.

‘ड्यून’चेच घ्या. फ्रँक हर्बर्टची ही कादंबरी १९६५ची. वीसेक प्रकाशकांनी नाकारली आणि शेवटी मोटारदुरुस्तीची पुस्तके छापणाऱ्या चिल्टन कंपनीने काढली. पहिल्या प्रकरणातच बेने गेसरिट, गोम जब्बार, क्विसाट्झ हादेराख असे शब्द अंगावर येतात. दर शब्दाला शेवटच्या शब्दसूचीकडे धावणारा वाचक हमखास थकतो. सूची आहे, ती चांगलीही आहे, पण ती नंतर चाळायची. पहिल्या वाचनात एवढेच लक्षात ठेवावे: दोन घराण्यांचे हाडवैर, मध्ये बादशहा, आणि एका वाळवंटी ग्रहावर मिळणारा मसाला, ज्यावाचून ताऱ्यांमधला प्रवास होत नाही. दगाबाज कोण, हे लेखक दुसऱ्याच प्रकरणात सांगून टाकतो. ते वाचून ‘रहस्य फुटले’ असे वाटायला नको. कोण दगा देणार हे आपल्याला माहीत आहे आणि घरातल्यांना नाही, या ताणावरच पुढची शेदीडशे पाने उभी आहेत. मराठी वाचकाची इथे एक सोय आहे. ‘पादिशाह’, ‘महदी’, ‘शैतान’ हे शब्द अमेरिकन वाचकाला परके, आपल्याला पातशाही आणि दक्षिणेतल्या सल्तनती वाचून ओळखीचे.

शिवाय पाणी. वाळवंटातल्या फ्रेमेन लोकांचा म्होरक्या ड्यूकच्या, म्हणजे नायकाच्या बापाच्या, बैठकीत येतो आणि समोरच्या मेजावर थुंकतो. ड्यूकची माणसे उसळतात, पण त्या लोकांत वावरलेला एकजण सावरून घेतो: अंगातला ओलावा त्याने आपल्याला भेट दिला, त्याचे आभार माना. पुढे मेजवानीचा प्रसंग आहे. तिथली जुनी रीत अशी की पाहुण्यांनी हात धुताना मुद्दाम पाणी फरशीवर सांडायचे, टॉवेलने टिपायचे आणि त्या टॉवेलांचे पिळून निघालेले पाणी दारातल्या भिकाऱ्यांना द्यायचे. नवा ड्यूक ही रीत मोडतो. टँकरची वाट पाहणाऱ्या गावातल्या वाचकाला हे प्रसंग समजावून सांगावे लागत नाहीत. ‘ड्यून’ची शिफारस करायची तर वाळूतल्या प्रचंड किड्यांपेक्षा हे दोन प्रसंग सांगावेत. आणि एक सूचना: पहिल्या पुस्तकावर थांबले तरी गोष्ट पुरी होते. नायकाच्या प्रेमात पडला असाल तर मात्र १९६९चे ‘ड्यून मसीहा’ वाचाच, कारण त्या प्रेमावरच लेखकाला शंका घ्यायची होती. हर्बर्टने एकूण सहा लिहिली. चौथ्यापासून पुढची ज्याची त्याने आपल्या जबाबदारीवर.

आयझॅक आसिमोव्हच्या ‘फाउंडेशन’ची अडचण अगदी वेगळी. भाषा सोपी, इंग्रजी वाचनाची सवय नसलेल्यालाही जमेल अशी. पण ती सलग कादंबरी नाही. १९४२ ते ४४ या काळात मासिकात आलेल्या चार कथा आणि १९५१मध्ये पुस्तक करताना आरंभी जोडलेली पाचवी, असा तो गोफ आहे. प्रत्येक भागानंतर कित्येक वर्षे उलटतात आणि ज्याच्यात जीव गुंतला तो माणूस पुढच्या भागात इतिहासजमा झालेला असतो. हे आधी सांगितले नाही तर वाचक पात्रे शोधत बसतो. लढाया पडद्यामागे होतात आणि समोर खोलीत बसून माणसे बोलतात. संगीत नाटकातून पदे काढून टाकावीत तसे. पहिल्या खंडात बाईमाणूस जवळपास नाहीच, हेही आजच्या वाचकाला खटकणार. तरीही मोठ्या समाजाचे भविष्य गणिताने मांडता येते, एका माणसाचे नाही, ही कल्पना ज्याला भिडते त्याने तिन्ही खंड सलग वाचावेत. क्रम छापून आल्याचाच ठेवावा: १९५१, ५२, ५३. आसिमोव्हने पुढे १९८८मध्ये कथानकातल्या आधीच्या काळाची ‘प्रेल्यूड टू फाउंडेशन’ लिहिली. काही जण कालक्रम म्हणून ती आधी देतात. तसे करू नये. ती मूळ पुस्तके ठाऊक असलेल्यांसाठी लिहिलेली आहे.

क्रमाचा हाच घोळ सी. एस. लुईसच्या ‘नार्निया’ या मुलांच्या मालिकेत होतो. नव्या संचांवर ‘मॅजिशियन्स नेफ्यू’ला पहिला क्रमांक असतो. प्रत्यक्षात ते १९५५चे, आणि कपाटातून बर्फात जाण्याची मूळ गोष्ट १९५०ची. कपाटापलीकडे काय आहे याचे कुतूहल आधी जागवावे आणि मग ते कपाट आले कुठून ते सांगावे. उलटे केले की मुलाच्या हाती पहिल्यांदा उत्तर पडते.

पण मुळात ‘सर्वोत्तम’ पुस्तकाने सुरुवात करण्याचा अट्टहास कशाला? समोरचा माणूस एरवी काय वाचतो, एवढे विचारले तरी निम्मे काम होते. पेशवाईवरच्या कादंबऱ्या वाचणाऱ्याच्या हाती अंतराळयान देऊ नये. त्याला डॉ. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा द्यावी. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर अशा मुंबईत जाऊन पडतात, जिथे कंपनी सरकार अजून तग धरून आहे, कारण तिथल्या पानिपतावर मराठे जिंकलेले आहेत. एशियाटिकच्या ग्रंथालयात बसून पंत इतिहास नेमका कुठे वळला ते शोधतात. सापडते ते इतकेच: विश्वासरावांच्या दिशेने आलेली गोळी त्यांच्या कानाजवळून गेली, तिळाएवढ्या फरकाने हुकली. यंत्र नाही, परग्रह नाही, फक्त एक तीळ. ही कथा इंग्रजीतून अकरावीच्या एनसीईआरटीच्या ‘हॉर्नबिल’ या पाठ्यपुस्तकात ‘द ॲडव्हेंचर’ नावाने आहे, म्हणजे घरातल्या मुलालाही ती ठाऊक असण्याचा संभव आहे. पर्यायी इतिहास हा विज्ञानकथेचा एक मोठा उपप्रकार आहे आणि मराठी माणसाला त्यात शिरायला याहून सोयीची वाट नाही. ‘पानिपतावर तसे झाले असते तर’ हा खेळ आपण चहाच्या टपरीवरही खेळतच असतो.

पोलीसतपासाच्या कथा आवडणाऱ्याला आसिमोव्हचीच १९५४ची ‘केव्ह्ज ऑफ स्टील’ द्यावी. खून, तपास करणारा माणूस आणि त्याच्या गळ्यात मारलेला हुबेहूब माणसासारखा यंत्रमानव साथीदार. शहरे पोलादी छताखाली गेलेली आणि माणसांना उघड्या आकाशाची धास्ती बसलेली. खुनाचा उलगडा याच धास्तीवर बेतलेला आहे, म्हणून ही तपासकथा दुसऱ्या कुठल्याच जगात घडू शकली नसती. राजकीय कादंबऱ्या वाचणाऱ्याला, म्हणजे ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ ज्याने चवीने वाचल्या त्याला, अरुण साधूंचीच ‘विप्लवा’ द्यावी. ओळखीच्या लेखकाचे बोट धरून परक्या प्रांतात जाणे सोपे जाते. वैद्यकाचा इतिहास आवडणाऱ्याला अमिताव घोष यांची १९९५ची ‘कलकत्ता क्रोमोसोम’. हिवतापाचा जंतू डासात असतो हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७मध्ये सिकंदराबादेत शोधले, हे शाळेत शिकलेले असते. घोष विचारतात, त्यांना ते सापडले की कुणी सापडू दिले? या पुस्तकाला १९९७चे आर्थर सी. क्लार्क पारितोषिक मिळाले आहे. मात्र शेवट मोकळा सोडलेला आहे, सगळे धागे बांधून मिळत नाहीत, हे देतानाच सांगावे. नाहीतर शेवटचे पान उलटून वाचक आपल्यालाच शोधत येतो.

दलित आत्मकथने वाचणाऱ्याला, परग्रहाची हौस अजिबात नसलेल्याला, ऑक्टेव्हिया बटलरची ‘किंड्रेड’ द्यावी, १९७९ची. कॅलिफोर्नियात राहणारी कृष्णवर्णीय लेखिका १९७६ सालातून ओढली जाते ती गुलामगिरीच्या काळातल्या मेरीलँडमधल्या मळ्यावर. कशी, याचे स्पष्टीकरण लेखिका देतच नाही, देण्याची गरजही भासत नाही. पहिल्याच वाक्यात नायिका सांगते की शेवटच्या फेरीत तिचा हात गेला. त्यानंतर पुस्तक खाली ठेववत नाही. ‘हे विज्ञान कुठे आहे?’ असे विचारणारा कुणीतरी भेटतोच. त्याला विचारू द्यावे.

अभियंत्यांची गोष्ट निराळी. त्यांना अँडी वीअरची ‘द मार्शियन’ आवडते हे आता सर्वज्ञात आहे. मंगळावर एकटा राहिलेला माणूस बटाटे पिकवून, पाण्याचा आणि प्राणवायूचा हिशेब मांडत जगतो. २०११मध्ये लेखकाने ती आपल्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने टाकली होती आणि वाचक आकडे तपासून चुका कळवत. तरी ज्या घटनेवर सगळी कादंबरी उभी आहे तीच चुकीची आहे, आणि लेखकाला ते ठाऊक होते. ताशी १७५ किलोमीटरच्या वादळाने यान कलंडायला लागते, म्हणून बाकीचे पळ काढतात. मंगळावरची हवा पृथ्वीच्या तुलनेत साधारण साठपट विरळ आहे. वाऱ्याचा रेटा घनतेच्या पटीत आणि वेगाच्या वर्गाच्या पटीत असतो, म्हणून तिथले १७५ किलोमीटर म्हणजे १७५ भागिले साठचे वर्गमूळ, इथल्या बावीस-तेवीस किलोमीटरच्या झुळकीइतके. गच्चीवरचे कपडे फडफडतील, यान पडणार नाही. एवढे सांगून पुस्तक दिले तर अभियंता खूष होतो आणि उरलेले हिशेब स्वतः तपासायला बसतो. चूक लपवून दिले तर विसाव्या पानावर तीच पकडून तो पुस्तक परत करतो.

आता अनुवाद, ज्याकडे आपल्याकडच्या याद्या ढुंकूनही पाहत नाहीत. स्तानिस्लाव लेमची ‘सोलारिस’ १९६१ची, पोलिश. इंग्रजीत ती १९७०मध्ये आली ती फ्रेंचवरून, म्हणजे अनुवादाचा अनुवाद. थेट पोलिशवरून बिल जॉन्स्टन यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०११मध्ये, आधी ध्वनिपुस्तक आणि मग ई-पुस्तक म्हणून निघाला. दुकानात मिळणारी छापील प्रत बहुधा जुनीच असते. ओळखायची खूण सोपी: नायकाच्या मेलेल्या बायकोचे नाव ‘ऱ्हेया’ आणि सहकाऱ्याचे ‘स्नो’ असेल तर प्रत फ्रेंचवरून आलेली, ‘हारेय’ आणि ‘स्नाउट’ असेल तर थेट. जुन्या अनुवादातही मेंदूसारखा विचार करणारा तो परग्रहावरचा महासागर पोचतोच, पण लेमची कोरडी, किंचित तिरकस चाल पातळ होते. फोन किंवा टॅबवर वाचायची तयारी असेल तर नवाच घ्यावा.

ज्यूल व्हर्नचे हाल याहून जुने. ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’चा १८७०च्या दशकातला इंग्रजी अनुवाद मूळ मजकुराचा जवळजवळ चौथा हिस्सा गाळून केलेला आहे, आणि मालकी हक्क संपल्यामुळे स्वस्त आवृत्त्यांत तोच छापला जातो. माशांच्या याद्या आणि राजकारण, दोन्हीला कात्री. जाता जाता: ती वीस हजार लीग खोली नव्हे, पाण्याखालून कापलेले अंतर आहे, सुमारे ऐंशी हजार किलोमीटर. ती खोली मानली तर पाणबुडी पृथ्वीच्या आरपार जाऊन पलीकडे बाहेर पडेल आणि तरी अंतर उरेल. आणि कॅप्टन नेमो कोण, हे १८७५च्या ‘मिस्टीरियस आयलंड’मध्ये कळते: बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, टिपू सुलतानाचा पुतण्या, १८५७च्या उठावात लढलेला आणि घरदार गमावलेला. इंग्रजी गलबते तो का बुडवतो हे मग नव्याने उमगते. आपल्याकडे हा उलगडा वाचकांना क्वचितच कुणी करून देतो. मराठीत भा. रा. भागवतांनी व्हर्न मुलांसाठी आणला: ‘चंद्रावर स्वारी’, ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’, ‘समुद्र सैतान’. ही रूपांतरे आहेत, शब्दशः अनुवाद नव्हेत, आणि दहा-बारा वर्षांच्या मुलाला देण्यासाठी तेच बरे आहे. भागवतांची भाषा पळते.

चिनी लेखक ल्यू त्सिशिन यांच्या ‘थ्री बॉडी प्रॉब्लेम’बाबत दोन गोष्टी पुरेत. इंग्रजी अनुवाद (केन ल्यू, २०१४) सुरू होतो तो १९६७च्या सांस्कृतिक क्रांतीतल्या एका भीषण प्रसंगाने. चिनी पुस्तकात हा भाग मध्यावर ढकललेला होता. इंग्रजीत तो लेखकाला हवा होता तिथे, आरंभी आला. त्यामुळे विज्ञानकथा म्हणून उघडलेले पुस्तक इतिहासाने सुरू होते आणि वाचक गोंधळतो. वीस-पंचवीस पाने धीर धरावा. दुसरे, नावे. चिनी नावात आडनाव आधी येते, आणि आरंभी पात्रांची यादी दिलेली आहे. तिथे खूण घालून ठेवावी. माणसांच्या मनात शिरणारी कादंबरी हवी असलेल्याला हे पुस्तक देऊ नये. त्यातली पात्रे कल्पनांची ओझी वाहतात. कल्पना मात्र अशा की रात्री आकाशाकडे पाहवत नाही.

काही पुस्तकांची शिफारस जवळजवळ तोंड बंद ठेवूनच करावी लागते. काझुओ इशिगुरोची ‘नेव्हर लेट मी गो’ कोणत्या कप्प्यात बसते, एवढे सांगितले तरी वाचकाच्या तोंडचा अर्धा घास काढून घेतल्यासारखे होते. सुझाना क्लार्कची ‘पिरानेसी’ तशीच. अडीचशे पाने, अगणित दालनांचे एक घर, खालच्या मजल्यांत समुद्राची भरती. याच्या पुढे एक शब्द नाही. कवितेच्या वाचकांना ती द्यावी.

फँटसीबद्दल, म्हणजे अद्भुत कादंबऱ्यांबद्दल, आपल्याकडे एक गैरसमज घट्ट आहे: त्यात काहीही चालते, म्हणून ती मुलांची. चांगल्या फँटसीत काहीही चालत नाही. उर्सुला ली ग्विनची ‘विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) बघा, जेमतेम दोनशे पानांची. तिथे प्रत्येक वस्तूला एक खरे नाव असते आणि ते ज्याला कळले त्याची तिच्यावर सत्ता चालते. म्हणून माणसे खरे नाव लपवतात आणि वापरायला दुसरे ठेवतात. लेकराचे पाळण्यातले नाव परक्यासमोर घेऊ नये असे मानणाऱ्या समाजाला हे समजावे लागत नाही. जादूगाराने एका बेटावर पाऊस पाडला तर दुसरीकडे अवर्षण पडू शकते. तोल बिघडवण्याची किंमत कुणीतरी मोजतेच. नायक गेड तांबूस काळसर वर्णाचा आहे, आणि अनेक वर्षे मुखपृष्ठांवर त्याला गोरा रंगवले गेले याचा लेखिकेला संताप होता. मुखपृष्ठावर विश्वास ठेवू नये. वाचकाला एकच फँटसी द्यायची असेल तर माझे मत याच पुस्तकाला.

नियमांची आवड असलेल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ब्रँडन सँडरसनची ‘मिस्टबॉर्न’ त्रयी. पात्रे धातूचे कण गिळून ते अंगात ‘जाळतात’ आणि त्यातून शक्ती मिळवतात. पोलाद जाळले की धातूला दूर ढकलता येते. नाणे फेकून त्याला ढकलले तर ते गोळीसारखे सुटते, पण तेच नाणे जमिनीवर टेकलेले असेल तर ते हलणार कुठे? ढकलणाराच वर उडतो. न्यूटनचा तिसरा नियम एवढ्या मजेत क्वचित वाचायला मिळतो. गद्य साधे आहे, काही ठिकाणी फारच साधे. पण त्रयी २००६ ते ०८ या काळात पुरी झालेली आहे, आणि फँटसीत हा मोठाच गुण मानायला हवा.

कारण अपुऱ्या मालिका. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या मालिकेचा पहिला खंड, ‘गेम ऑफ थ्रोन्स’, १९९६चा, पाचवा २०११चा, आणि सहाव्याची वाट जग अजून पाहते आहे. पॅट्रिक रॉथफसचे दोन खंड २००७ आणि २०११चे, तिसरा नाही. ही पुस्तके देऊ नयेत असे नाही. मार्टिनचा पहिला खंड दरबारी कारस्थानाचा उत्तम नमुना आहे. पण पाच जाडजूड खंड वाचून शेवट नाही, हे घेणाऱ्याला आधी कळले पाहिजे. शिवाय त्यात लैंगिक हिंसा आणि मुलांच्या हत्या आहेत. ‘ड्रॅगन आहेत ना’ म्हणून सातवी-आठवीतल्या मुलाच्या वाढदिवसाला हा संच देणारे भेटतात, म्हणून लिहिले. टेरी प्रॅचेटच्या ‘डिस्कवर्ल्ड’ची भीती मात्र धरू नये. ४१ कादंबऱ्या असल्या तरी बहुतेक स्वतंत्र वाचता येतात. पहिल्यापासून सुरू करू नये, तिथे लेखकाचा हात बसलेला नाही. ‘मॉर्ट’ किंवा ‘गार्ड्स! गार्ड्स!’ घ्यावे.

टोल्किनसाठी मराठी वाचकाला दोन दारे आहेत. १९३७ची ‘हॉबिट’ आधी वाचावी, कारण पुढची सगळी कथा जिच्याभोवती फिरते ती अंगठी सापडते ती तिथे. मग ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’, मुग्धा कर्णिक यांच्या मराठी अनुवादात ‘स्वामी मुद्रिकांचा’, तीन खंड. मूळ कादंबरी एकच आहे; १९५४-५५मध्ये प्रकाशनाच्या सोयीसाठी तिचे तीन तुकडे झाले. म्हणून फक्त पहिला खंड घेऊन ‘आवडला तर पुढचे’ असे करण्यात अर्थ नाही, तो गोष्टीच्या मध्यावरच तुटतो. आरंभीचे हॉबिटांच्या, म्हणजे त्या जगातल्या बुटक्या माणसांच्या, तंबाखूबिंबाखूचे प्रास्ताविक बेलाशक उलटावे. एल्राँडच्या घरी भरलेली सभा हे लांबलचक प्रकरण मात्र टाळू नये. कंटाळवाणे वाटेल, पण अंगठीचे काय करायचे आणि ते कुणी का करायचे, हे तिथे ठरते. त्याच जगाची पुराणे सांगणारे ‘सिल्मरिलियन’ भेट देणे हा गुन्हा समजावा, अर्थात समोरच्याने मागितले नसेल तर.

मराठीत फँटसीचा झरा आरंभी चांगला वाहत होता. १८६१ची ‘मुक्तामाला’ आणि १८६८ची ‘मंजुघोषा’ या अद्भुतरम्य कादंबऱ्याच होत्या. पुढे वास्तववादाची चलती झाली आणि हा प्रकार हिणवला गेला. नाथमाधवांची ‘वीरधवल’ अजून वाचली जाते, ती आजी-आजोबांच्या शिफारशीवर. विज्ञानकथेचे बरे आहे. १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाच्या इसमाच्या ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले बक्षीस मिळाले. तो इसम म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. आद्याक्षरे उलटी वाचावीत. ओळखीचा फायदा नको म्हणून घेतलेले नाव.

नारळीकर देताना कथा आधी, कादंबऱ्या नंतर असा क्रम ठेवावा. ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह हे प्रवेशद्वार. त्यातल्या ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत उजवे-डावे अदलाबदल होते. वाचून झाल्यावर कागदाची पट्टी घ्यावी, एक पीळ द्यावा, टोके चिकटवावीत आणि पट्टीच्या मधून पेन्सिलीने रेघ ओढत जावे. पेन्सिल न उचलता रेघ दोन्ही बाजूंवर उमटते. मुले हे करून पाहिल्याशिवाय राहत नाहीत. कादंबऱ्यांत ‘वामन परत न आला’ सर्वांत घट्ट विणलेली. जमिनीखाली एक पेटी सापडते, आपल्याआधी होऊन गेलेल्या प्रगत संस्कृतीने ठेवलेली, आणि तिच्यातल्या ज्ञानातून वामन नावाचा यंत्रमानव उभा राहतो. बटूने तीन पावले मागावीत आणि यजमानाने हसून ‘घे’ म्हणावे, हा धोका मराठी वाचक शीर्षकातच ओळखतो. नारळीकरांची पात्रे मधूनच फळ्याजवळ उभी राहून बोलू लागतात, हे खरे आहे. ते दोन परिच्छेद सबुरीने घ्यावेत.

ज्यांना हे फळ्याजवळचे बोलणे नकोच असेल त्यांना सुबोध जावडेकर द्यावेत. त्यांच्या कथांत विज्ञान घरात, दवाखान्यात, कारखान्यात शिरून माणसाला पेचात टाकते. लक्ष्मण लोंढे यांचा ‘दुसरा आइन्स्टाइन’ हा संग्रह आणि चिंतामणी देशमुखांसह लिहिलेली ‘देवांसि जिवे मारिले’ ही कादंबरी जुन्या ग्रंथालयांत मिळते. भयकथांसाठी नारायण धारप वाचणाऱ्यांना त्यांची ‘नेनचिम’ सांगावी. धारपांच्या ‘समर्थ’ या पात्राच्या कथा वाचणाऱ्याला धारप विज्ञानाकडेही वळत हे पुष्कळदा ठाऊकच नसते.

पैशाचे एक. आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तक मुक्त होते. एच. जी. वेल्स १९४६मध्ये गेले, ऑर्वेल १९५०मध्ये. म्हणजे ‘टाइम मशीन’, ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’, ‘१९८४’ यांच्यासाठी पैसे मोजलेच पाहिजेत असे नाही. वेल्स आणि व्हर्न ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ या संकेतस्थळावर राजरोस फुकट मिळतात. इंग्रजीत पहिल्यांदाच उतरणाऱ्याला ‘टाइम मशीन’ द्यावे: बत्तीसेक हजार शब्द, तीन संध्याकाळी पुरतात. मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाईन’ घेताना मात्र आतले पान पाहावे. १८१८चा मजकूर आणि लेखिकेने स्वतः बदललेला १८३१चा, असे दोन आहेत. स्वस्त प्रतींत बहुधा १८३१चा असतो, त्यात नशिबाचा सूर वाढलेला आहे. १८१८मध्ये नायक व्हिक्टर आपल्या कर्माला अधिक जबाबदार आहे. नवख्याने १८१८चा घ्यावा.

तेव्हा विनंती एवढीच. पुढच्या वेळी पुरवणीत अशी यादी छापाल तेव्हा प्रत्येक नावाखाली एक ओळ जास्त द्यावी: मूळ साल, पाने, मालिका असेल तर किती खंडांपैकी किती आले, अनुवादकाचे नाव, आणि कुठल्या पानापर्यंत धीर धरायचा. जागा कमी असेल तर दहाऐवजी सहाच पुस्तके छापावीत. अनुवादकाचे नाव मात्र गाळू नये.

कळावे,
आपला,
एक वाचक, डोंबिवली